पाणी ओसरल्यावर गाव कसं उभं करायचं

पाणी ओसरून रस्ता मोकळा झाला की गावात सगळ्यात आधी पोचतात त्या बाहेरच्या गाड्या. त्या मुख्य रस्त्याला थांबतात. पुढच्या आळीतल्या माणसांच्या हातात पाकिटं पडतात, फोटो निघतात, गाडी पुढच्या गावाला जाते. मागच्या वस्तीत चिखल अजून पोटरीपर्यंत असतो, तिथवर कुणी जात नाही. चार दिवसांत काही घरांत तांदळाची तीन-तीन पोती जमतात आणि काही घरं बिस्किटांच्या पुड्यांवर दिवस काढतात. देणारा वाईट नसतो, त्याला गाव माहीत नसतं. ज्यांना गाव माहीत असतं त्यांनी यादी केलेली नसते.

२०१९ आणि २०२१ला कृष्णा-पंचगंगेकाठी, जुलै २०२१मध्ये चिपळूण-महाडला, सप्टेंबर २०२५मध्ये सीनाकाठी आणि मराठवाड्यात हेच दिसलं. सरकारची मदत, संस्थांचं धान्य, मुंबई-पुण्याच्या मंडळांचे ट्रक हे सगळं हवंच आहे. पण गाव नीट उभं राहतं की नाही हे मदत किती आली यापेक्षा तिचा क्रम, वाटप आणि हिशोब कुणाच्या हातात राहिला यावर ठरतं. हे तिन्ही गावाच्या हातात राहावेत म्हणून काय करायचं, ते इथं लिहितो आहे. सरपंच, बचत गटाच्या ताई, तरुण मंडळाची पोरं, शिक्षक, आणि गावाबाहेर राहून गावासाठी जीव तुटणारी माणसं यांच्यासाठी हे आहे.

यादी आणि चावडीवाचन

दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक आळीला, वस्तीला, वाडीला दोन माणसं नेमा, त्यातली एक बाई असलीच पाहिजे. घरात बाळंतीण आहे का, कुणाच्या साखरेच्या किंवा टीबीच्या गोळ्या पाण्यात गेल्या, वयात आलेल्या मुलींना काय हवं, हे पुरुषाला कुणी सांगत नाही. घर म्हणजे एक चूल, असं धरा. रेशनकार्डावर एकत्र दिसणारी दोन कुटुंबं वेगळी रांधत असतील तर ती दोन घरं.

नोंदवायचं ते थोडं पण नेमकं: पुराच्या दिवशी घरात किती माणसं होती, अंथरुणाला खिळलेलं कुणी आहे का, रोजची औषधं कोणती, भिंती-छपराची स्थिती, जनावरं किती होती आणि किती उरली, चूल पेटते का. आणि शेवटचा रकाना, जो बहुतेक याद्यांत नसतो: या घराचं पोट कशावर चालत होतं आणि त्यातलं काय गेलं. शिलाई मशीन, भाजीचा हातगाडा, न्हाव्याची खुर्ची, सुताराची हत्यारं, दोन शेळ्या, पिठाच्या गिरणीची मोटार. पुढच्या महिन्यात सगळ्यात जास्त उपयोग याच रकान्याचा होईल.

ज्यांचं गावात घर नाही पण बिऱ्हाड आहे त्यांनाही यादीत घ्या. वीटभट्टीवरची कुटुंबं, ऊसतोडीची टोळी, भाड्याच्या खोलीत राहणारी नर्सबाई, गावकुसाबाहेरचं पाल. पूर त्यांच्याही घरात शिरलेला असतो.

मग ही यादी मोठ्याने वाचायची. नुसती चावडीवर वाचून भागत नाही, प्रत्येक वस्तीत जाऊन वाचा. वाचताना कुणीतरी मागून बोलतं, ‘म्हातारीची चूल वेगळी आहे, तिला लेकाच्या घरात धरू नका.’ कुणी म्हणतं, ‘त्यांचं घर वरच्या अंगाला आहे, पाणी उंबऱ्यालाच थांबलं होतं.’ एका तासाच्या वाचनात जेवढी दुरुस्ती होते तेवढी आठवडाभर घरोघर फिरूनही होत नाही. ज्याचं नाव राहिलं तो तिथंच बोलतो, त्यामुळे पुढची कुजबुज आणि भांडणं वाचतात. दुरुस्त यादीवर तारीख घाला, वाचनाला हजर असलेल्यांच्या सह्या घ्या, दोन प्रती काढा. यानंतर गावात येणाऱ्या प्रत्येक गाडीला ही यादी दाखवायची आणि सांगायचं की वाटप याप्रमाणे होईल.

चिखल

माझा अनुभव असा की पूरग्रस्त घरांत सगळ्यात मोठी चूक चिखल साफ न करता थांबण्यात होते. पंचनामा व्हायचाय, साहेबांनी बघायला हवं, म्हणून लोक चिखल तसाच ठेवतात. गाळ ओला असतो तोवर फावड्याने, खराट्याने, बादलीभर पाण्याने निघतो. दोन उन्हं खाल्ली की कुदळ लागते. मग फरशी फुटते, भिंतीचा गिलावा निघतो आणि घरात ओल महिनाभर बसते.

म्हणून आधी फोटो आणि मग लगेच सफाई. भिंतीवरची पाण्याची खूण दिसेल असा एक फोटो, घरमालक दारात उभा आहे असा एक, प्रत्येक खोलीचा एक, भिजलेल्या धान्याचा आणि सामानाचा एक. फोनमध्ये तारीख आणि ठिकाण चालू ठेवा. खराब झालेल्या धान्यातलं थोडं पिशवीत बांधून बाजूला ठेवा. तलाठ्याला लेखी कळवा, किमान व्हॉट्सॲपवर, म्हणजे तारखेचा पुरावा राहतो. मग हात चालवा.

गाळ काढायचा क्रम वस्तीने बसून ठरवावा. आधी पाण्याची विहीर किंवा हातपंप, मग तिथं जाणारी वाट, मग एकट्या म्हाताऱ्या माणसांची आणि बाळंतिणीची घरं, त्यानंतर आपली. काढलेला गाळ टाकायची जागा पहिल्याच दिवशी ठरवा. गटारात लोटलेला गाळ पुढच्या पावसात परत घरात येतो.

विहिरीचं पाणी उपसून तिच्यात टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकायचं काम जलसुरक्षकाकडे असतं. त्याच्या पाठीशी उभे राहा आणि क्लोरीन तपासणारी ओटी टेस्ट रोज आपल्यासमोर करून घ्या. नळीतलं पाणी पिवळं झालं तरच क्लोरीन आहे. रंग आला नाही तर ते पाणी पिऊ नका, मग ते दिसायला कितीही नितळ असो. घरात उकळलेलं किंवा मेडिक्लोर टाकलेलं पाणी प्या. वीज आल्याचा आनंद होतो, पण वायरमनने मीटर, बोर्ड आणि अर्थिंग तपासेपर्यंत मेन स्विच बंदच ठेवा. ओल्या भिंतीत करंट उतरतो. गमबूट आणि हातमोज्यांशिवाय चिखलात उतरू नका. कोकणात आणि इतरत्रही पुरानंतर लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिसचे) रुग्ण सापडतात, पायाला जखम असेल तर धोका जास्त. प्रतिबंधक गोळ्या कुणाला आणि किती हे आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारा. ताप आला तर अंगावर काढू नका. लाकडाच्या आणि कडब्याच्या ढिगात हात घालण्याआधी काठीने हलवा, पाण्याने बिळातून निघालेले साप तिथं आसरा घेतात.

पंचनाम्याच्या वेळी

तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक यांच्याकडे अनेक गावं असतात आणि वरून रोज आकडे मागितले जातात. त्यांच्याशी भांडून काही होत नाही. त्यांचं काम सोपं केलंत तर तुमचंही होतं. आपली यादी, फोटो, सातबारा आणि आठ-अ, आधार आणि पासबुकाच्या झेरॉक्स वस्तीवार गठ्ठे बांधून तयार ठेवा. भिजलेली कागदपत्रं उन्हात टाकू नका, सावलीत एकेक पान सुटं करून वाळवा.

निकष माहीत असले की पंचनामा नीट होतो. २०२२ ते २०२६ या काळासाठी केंद्राने ठरवलेल्या निकषांत पिकाचं नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तरच मदत मिळत होती. दर हेक्टरी कोरडवाहूला ८,५००, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकाला २२,५०० रुपये असे होते. शेतात तीन इंचांपेक्षा जास्त गाळ साचला असेल तर तो काढायला वेगळी मदत होती, म्हणून गाळात फूटपट्टी उभी करून फोटो काढा. घराची अंशतः पडझड किमान १५ टक्के असावी लागत होती. राज्य सरकार दर वेळी यात भर घालतं. ऑक्टोबर २०२५मध्ये जाहीर झालेल्या मदतीत खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रोख आणि ३ लाखांपर्यंतची कामं रोजगार हमीतून, तर बुजलेल्या विहिरीला ३० हजार असं धरलं होतं. चालू शासन निर्णय तहसीलमधून मागून घ्या आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर चिकटवा. मेलेल्या जनावराच्या कानातला बारा अंकी बिल्ला जपा. जनावर पुरायच्या आधी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा, बिल्ल्यासकट फोटो काढा, मग बिल्ला काढून ठेवा.

कोऱ्या किंवा अर्ध्या भरलेल्या पंचनाम्यावर सही-अंगठा करू नका. वाचून घ्या, फोटो काढून घ्या.

खरी अडचण यानंतर सुरू होते. मदत मंजूर होते, यादीत नाव येतं, पण पैसे खात्यात येत नाहीत. कारणं ठरलेली आहेत. सातबारा अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर आहे. सामाईक खातं आहे आणि एक भाऊ सुरतेला आहे. मदतीचा विशिष्ट क्रमांक (व्हीके नंबर) आला पण ई-केवायसी झाली नाही. आधार भलत्याच बँकेला जोडलेलं आहे. यासाठी गावातल्या दोन शिकलेल्या मुला-मुलींना महिनाभर हेच काम द्या, जमल्यास मानधन देऊन. अडकलेल्या नावांची यादी आठवड्याला एकदा तहसीलमध्ये न्यायची आणि प्रत्येक नावापुढे काय उत्तर मिळालं ते लिहायचं. एकेकट्या माणसाने खेटे घातले तर रोजगार बुडतो आणि काम होत नाही.

आणि ज्यांच्या नावावर काहीच नाही त्यांचं काय? खंडाने, वाट्याने शेती करणाऱ्याने बियाणं-खताचा खर्च केलेला असतो, पण मदत सातबाऱ्यावरच्या मालकाला जाते. कायद्याने यावर चटकन उपाय नाही, पण गाव करू शकतं. मालकांना ग्रामसभेत बोलावून, कसणाऱ्याचा खर्च जेवढा तेवढा वाटा त्याला देण्याचं लेखी ठरवून घ्या. सगळे ऐकतील असं नाही. चारचौघांत विचारलं तर बरेच ऐकतात. एकांतात विचारलं तर फारसे नाही.

आणखी एक वाद दबा धरून असतो, तो बांधाचा. नदीकाठची जमीन खरडते तेव्हा मातीबरोबर बांध आणि हद्दीच्या खुणाही जातात. सीनाकाठच्या गावांनी हे २०२५मध्ये पाहिलं. जेसीबी लावून जो तो आपली जमीन सपाट करू लागला की भाऊबंदकीची बीजं पेरली गेलीच. शेजाऱ्या-शेजाऱ्यांनी पंचांसमोर तात्पुरत्या खुणा ठरवाव्यात, मग पूर्ण पट्ट्याची मोजणी एकत्र मागावी. माती भरायची तर तलावातला गाळ वापरता येतो. त्याची वाहतूक दहा शेतकऱ्यांनी मिळून ठरवली तर खर्च बराच खाली येतो.

पैसा गावात फिरला पाहिजे

धान्याचा साठा झाला, घरं धुतली, पंचनामे झाले, तरी गाव सुरू झालेलं नसतं. रोजचा व्यवहार बंद असतो. हातात काम नाही, खिशात रोख नाही. मदतीच्या याद्यांत या गोष्टीला जागा नसते, म्हणून गावानेच ती पुढे आणायला हवी.

सुरुवात गिरणीपासून करा. घराघरात गहू-ज्वारीची पाकिटं येतात आणि गिरणीची मोटार चिखलात असते. मग लोक चार मैलांवर दळायला जातात किंवा तयार पिठाची पाकिटं मागत राहतात. गिरणीवाल्याला मोटार दुरुस्तीचे काही हजार रुपये मिळाले तर पूर्ण गावाची भाकरी सुरू होते आणि एका घराचा धंदाही.

मोटारींचंच पुढे नेतो. नदीकाठच्या एका मध्यम गावात शेतीपंपाच्या शेकडो मोटारी पाण्यात जातात. प्रत्येक जण आपली मोटार खांद्यावर घेऊन तालुक्याला रिवाइंडिंगला जातो. तिथं रांग लागते, दर वाढतो, दोन-दोन महिने जातात, आणि तोवर उरलेलं पीक वाळतं. त्याऐवजी पाणीपुरवठा संस्थेने किंवा सोसायटीने सगळ्या मोटारींची हॉर्सपॉवरप्रमाणे यादी करावी, दोन कारागिरांशी एकच दर ठरवावा आणि त्यांना आठवडाभर गावातच शाळेच्या व्हरांड्यात किंवा समाजमंदिरात बसवावं. तांब्याची तार एकगठ्ठा आणावी. गावातली आयटीआय झालेली पोरं त्यांच्या हाताखाली द्यावीत. पुढच्या वेळी ही पोरंच हे काम करतील. देणगीदार संस्थेला चादरींऐवजी यासाठी पैसे मागा. पटवून सांगितलं तर देतात.

दूध संकलन जितक्या लवकर सुरू होईल तितकं बरं. कोल्हापूर-सांगलीच्या गावांत घरातल्या बाईच्या हाती दर दहा दिवसांनी येणारी रोख म्हणजे दुधाचं बिल. जनावरं वाचली पण चारा नाही, अशी स्थिती असते. म्हणून बाहेरून मदत विचारणाऱ्याला ओला-सुका चारा आणि पशुखाद्य सांगा. दूध केंद्राचा काटा आणि फॅट मशीन दुरुस्त करायला संघाकडे लगेच लेखी मागणी करा.

किराणा दुकानदाराचा विचार सहसा कुणी करत नाही. त्याचा माल पाण्यात गेलेला असतो, गावाची उधारी त्याच्या वहीत भिजलेली असते, आणि वर फुकट धान्याच्या गाड्या येत राहतात. पहिले पंधरा दिवस फुकट वाटप योग्यच आहे. त्यानंतर संस्थांना सांगा की तेल, डाळ, साबण आमच्याच दुकानातून घ्या, किंवा कुटुंबांना कुपनं द्या जी इथल्या दुकानात चालतील. सफाई, रस्ता, शाळेची रंगरंगोटी यांची मजुरी गावातल्याच हातांना द्या. आठवडी बाजाराची जागा साफ करून बाजार भरवा, अर्धा भरला तरी चालेल.

बचत गटांच्या आणि मायक्रोफायनान्सच्या हप्त्यांचा ताण बायकांवर येतो, आणि तो त्या घरातही बोलत नाहीत. गटाची बैठक घ्या, कुणाचे किती हप्ते आहेत ते मांडा आणि मुदतवाढीचा अर्ज सगळ्यांनी मिळून द्या. पीककर्जाच्या पुनर्गठनासाठीही बँकेत लेखी अर्जच लागतो, तोंडी विनंती मोजली जात नाही. हप्ता फेडण्यासाठी नवं कर्ज घेऊ नका. पुरातून वाचलेली घरं त्यात बुडालेली आहेत.

बागायतीचं गणित वेगळं आहे. निसर्ग चक्रीवादळाने ३ जून २०२०ला श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडच्या सुपारी-नारळाच्या वाड्या काही तासांत झोपवल्या. नवं सुपारीचं झाड हाताशी यायला सात-आठ वर्षं जातात. अशा ठिकाणी एकरकमी भरपाई दोन वर्षांत संपते. रोपवाटिका गावातच उभी करणं, सुपारीच्या मधल्या जागेत केळी, अननस, मसाल्याची पिकं घेणं आणि पाहुण्यांच्या खोल्या चालवणाऱ्या घरांना आधी सावरणं, म्हणजे मधल्या वर्षांत गावात काहीतरी येत राहतं.

बाहेरची मदत कशी घ्यायची, कशी द्यायची

गावाने एक खातं उघडावं, सहीला तिघं असावेत, त्यात एक बाई आणि एक जण मागच्या वस्तीतला. सरपंचाच्या किंवा मंडळाच्या अध्यक्षाच्या वैयक्तिक खात्यावर पैसे घेऊ नका, माणूस कितीही सज्जन असला तरी. काय आलं आणि कुठं गेलं ते दर आठवड्याला फळ्यावर लिहा. आज काय हवं आणि काय नको याचा एक कागद रोज बदलून सगळ्यांना पाठवा. ‘नको’ स्पष्ट लिहा. जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला कुजतात आणि ते उचलायला पूरग्रस्तांनाच राबावं लागतं.

मुंबई, पुणे, सुरत, आखातात असणाऱ्या गावकऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: ट्रक भरण्याआधी गावाला फोन करा. पहिल्या आठवड्याच्या गर्दीत न जाता दीड महिन्यानंतर जा, तेव्हा कुणी येत नसतं आणि गरज तशीच असते. मुलांच्या फी, वह्या-पुस्तकं, म्हाताऱ्यांची औषधं, घरदुरुस्तीची मजुरी यासाठी एकेका कुटुंबाचं वर्षभराचं पालकत्व घ्या. गावातल्या वाचनालयासारख्या संस्थांकडेही बघा. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४पासूनचं. २००५च्या पुरात त्याची पुस्तकं गेली, ते उभं राहिलं, २०२१मध्ये पुन्हा पाणी शिरलं आणि ते पुन्हा उभं राहिलं. अशी जागा सुरू झाली की माणसं एकत्र बसतात, बोलतात. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं आहे त्यांना भरपाईच्या चेकइतकीच याचीही गरज असते.

घर बांधताना किल्लारी आठवा

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सुमारे ८ हजार माणसं गेली. बहुतेक जण आपल्याच घराच्या भिंती आणि माळवदाखाली गाडली गेली. दगड-मातीच्या जाड भिंती, त्यावर लाकडी सांगाडा आणि वर दरवर्षी थर चढत गेलेली माती. त्यानंतर जे पुनर्वसन झालं त्यात दोन वाटा होत्या, आणि घर बांधायला निघालेल्या प्रत्येक गावाने त्या दोन्ही समजून घ्याव्यात.

पहिली वाट स्थलांतराची. ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. घरं कुटुंबाच्या जमिनीनुसार २५०, ४०० आणि ७५० चौरस फूट अशा तीन मापांत ठरली. सरळ रुंद रस्ते, ओळीने सारखी घरं. काम मोठं झालं आणि ते मनापासून केलेलं होतं. पण जुन्या गावात दाराला दार लागून असायचं, गल्लीतल्या सावलीत बायका बसायच्या, गोठा घराला चिकटून असायचा. नव्या वसाहतीत अंतरं वाढली, शेजार बदलला, कणगी आणि कडबा ठेवायला जागा नव्हती. लोकांनी पुढे घरासमोर पत्र्याची शेडं मारून आपलं गाव परत जुळवायचा प्रयत्न केला. आराखडा काढताना त्यांना विचारलं असतं तर हे कागदावरच सुटलं असतं.

दुसरी वाट दुरुस्तीची. हजाराहून अधिक गावांत पडझड झालेली घरं त्याच जागी मजबूत करायची होती. पैसे घरमालकाला टप्प्याटप्प्याने मिळणार आणि काम त्याने करून घ्यायचं. सुरुवातीला हे रेंगाळलं, कारण इंजिनिअर काय म्हणतो ते लोकांना कळत नव्हतं आणि लोकांची भीती इंजिनिअरला कळत नव्हती. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेने महिला मंडळांतल्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभं केलं. माळवदावरची माती कमी का करायची, भिंतीच्या दोन थरांना बांधणारे आरपार दुवे का घालायचे, कोपरे कसे आवळायचे, हे त्या शेजारणीला तिच्या ओसरीवर बसून समजावत. सिमेंटचं पोतं कमी आलं, गवंड्याने पाणी मारलं नाही, हेही त्याच बघत. जानेवारी २००१मध्ये कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा मराठवाड्यातल्या याच बायका तिकडच्या बायकांना आपला अनुभव सांगायला गेल्या.

तेव्हा तुमच्या गावात घरं बांधायची ठरली तर आधी बायकांची वेगळी सभा घ्या आणि नंतर ग्रामसभा. चूल कुठं, मोरी कुठं, धान्य कुठं, जनावर कुठं, वाळवण कुठं, रात्री बाहेर जायची वाट कशी, हे जमिनीवर फक्की मारून आखून बघा. कुटुंबाला त्यात चालायला सांगा. शेजार कुणाचा हवा ते विचारा. शेत किती दूर पडेल ते चालून बघा. घर नवरा-बायको दोघांच्या नावावर करा. गवंडी शक्यतो गावातले घ्या आणि त्यांना भूकंपरोधक, पूररोधक बांधकामाचं प्रशिक्षण मागा. कमाई गावात राहते आणि दुरुस्तीला माणूस हाताशी राहतो. पुराच्या पट्ट्यात निदान एक उंच माळा, आणि वीजबोर्ड मागच्या पुराच्या खुणेच्या वर.

डोंगरातल्या वाड्यांना आणखी एक सांगायचं आहे. नवी जागा सुरक्षित आहे असं कुणी म्हटलं की भूवैज्ञानिक अहवाल मागा आणि त्या जागेवर एक पावसाळा पाणी कसं वाहतं ते बघा. माळीण गाव ३० जुलै २०१४ला दरडीखाली गेलं, १५१ माणसं गेली. आमडे इथल्या नव्या गावाचं लोकार्पण एप्रिल २०१७मध्ये झालं आणि त्याच जूनच्या पावसात रस्ते खचले, भेगा पडल्या. महाड तालुक्यातल्या तळियेच्या कुटुंबांना जुलै २०२१च्या दरडीनंतर पत्र्याच्या कंटेनरमध्ये दोन वर्षांहून अधिक काळ काढावा लागला. ‘तात्पुरता’ निवारा इतका लांबतो हे धरूनच त्याची मागणी करा: छताला उष्णतेपासून आडोसा, प्रत्येक कुटुंबाला वेगळी मोरी, बायकांसाठी दिव्याची वाट, मुलांच्या शाळेची सोय.

पुढच्या पावसाच्या आधी

पूर का आला, यावर गावाने स्वतः बोलायला हवं. चिपळूणकरांनी डिसेंबर २०२१मध्ये बचाव समिती करून साखळी उपोषण केलं. वाशिष्ठी आणि शिव नद्यांतला गाळ काढा ही त्यांची मागणी होती. सरकारी यंत्रणा हलली, नाम फाउंडेशनसारख्या संस्था आल्या आणि पुढच्या पावसाळ्याआधी गाळ निघायला लागला. व्यापारी, डॉक्टर, रिक्षावाले, गृहिणी एका मांडवात बसले होते, त्यामुळे ती मागणी कुणाला टाळता आली नाही. तुमच्या गावची मागणी कदाचित ओढ्यावरचं अतिक्रमण असेल, पुलाच्या छोट्या मोऱ्या असतील, रस्त्याचा उंच भराव असेल. पुराची आठवण ताजी असते तेव्हा, दिवाळीच्या आसपासच, ती लेखी द्या.

आणि पाणीपातळीची एक वही करा. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, सांगलीत आयर्विन पुलाशी ४० आणि ४५. हे आकडे रोज रेडिओवर, फोनवर येतात, पण त्यांचा आपल्या अंगणाशी काय संबंध ते घराघराला ठाऊक नसतं. मागच्या पुरांची माहिती म्हाताऱ्या माणसांकडून आणि भिंतींवरच्या खुणांवरून गोळा करा आणि वहीत लिहा: बंधाऱ्यावर इतके फूट असताना पाणी मारुतीच्या पायरीला, इतक्याला खालच्या आळीत, इतक्याला तालुक्याचा रस्ता बंद. त्याच्यापुढे लिहा की कुठल्या फुटाला जनावरं हलवायची, कुठल्या फुटाला म्हातारी माणसं आणि बाळंतिणी, कुठल्या फुटाला सगळे. धरणातून सोडलेलं पाणी आपल्याकडे किती तासांत येतं तेही लिहा. मंदिराच्या खांबावर आणि शाळेच्या भिंतीवर ऑइल पेंटने रेघा मारा. वहीची एक प्रत शाळेत, एक दूध संस्थेत, एक वरच्या अंगाच्या घरात ठेवा.

गावाला बोट मिळाली असेल तर ती मे महिन्यात पाण्यात उतरवून बघा, इंजिन सुरू करून बघा, चालवणारी चार पोरं तयार करा, लाइफ जॅकेट मोजा. ८ ऑगस्ट २०१९ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसलेली बोट उलटली आणि सुटकेच्या वाटेवरची माणसं बुडाली. बोटीच्या दोन्ही बाजूंना माणसांचा आकडा मोठ्या अक्षरात रंगवा, आणि त्या आकड्यानंतर पुढच्या माणसाला थांबवायचा अधिकार कुणाचा, ते नाव ग्रामसभेत आत्ताच ठरवून वहीत लिहून ठेवा.